बहात्तरची विहीर

उन्हाळ कांद्याची काढणी संपत आली की आमच्याकडे झोपायची जागा बदलते. घरातला पंखा सोडून सगळे अंगणात येतात. आमचा मळा देवळ्यापासून सात किलोमीटरवर. रात्री इथं तीनच आवाज: कुत्र्यांचा, लांब रोडवरून जाणाऱ्या कांद्याच्या ट्रकांचा, आणि थ्री फेज आली की विहिरीवरच्या मोटारीचा. गेल्या वर्षी आखाजीच्या आधी मी दहा दिवसांची सुट्टी काढून आलो होतो. दिवसभर चाळीत कांदा भरायचा आणि रात्री खाटेवर पडून मोबाइलवर पिक्चर बघायचा, एवढंच चालू होतं.

त्या रात्री लावला होता 'डेथ लाइन'. १९७२ सालचा ब्रिटिश हॉरर. कमी पैशात केलेला, लंडनच्या भुयारी रेल्वेत घडणारा. अर्धा झाला असेल, तेवढ्यात शेजारच्या खाटेवरून आजीचा आवाज आला.

"काय पाहू राहिला रे एवढ्या रात्री?"

"भुताचा पिक्चर."

"कुठं राहतं ते भूत?"

"जमिनीखाली. बोगद्यात."

"तिथं कसं गेलं?"

मी पिक्चर थांबवला. "कामाला गेलेलं. बोगदा खणणारे मजूर होते. वरून दरड कोसळली. मालकानं त्यांना बाहेर काढलंच नाही."

आजी बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं झोपली. मग कूस बदलत म्हणाली, "मग ते भूत कसं? माणूसच आहे की ते."

*

आजी न बघताच जिथं पोचली, तिथं पोचायला मला पूर्ण पिक्चर लागला.

गोष्ट साधी आहे. रात्री उशिरा रसेल स्क्वेअर स्टेशनात एका तरुण जोडप्याला जिन्यावर एक माणूस पडलेला दिसतो. सुटाबुटातला. मुलगी म्हणते, मदत करू. मुलगा अमेरिकन; त्याचं म्हणणं, आमच्या न्यूयॉर्कमध्ये अशांना ओलांडून पुढं जातात. शेवटी ते पोलिसाला घेऊन येतात, तर माणूस गायब. तो निघतो बडा सरकारी अधिकारी. म्हणून मग इन्स्पेक्टर कॅलहून कामाला लागतो. हे काम डोनाल्ड प्लेझन्सनं केलंय. सतत चहावरून कुरकुरणारा, खवचट, पण डोकं चालणारा इन्स्पेक्टर. त्याच्यासाठीसुद्धा पिक्चर बघावा.

तपासात एक जुनी हकिकत निघते. १८९२ मध्ये तिथं स्टेशन बांधताना बोगदा कोसळला. आत काम करणारे बायकापुरुष अडकले. कंपनीचं दिवाळं निघालेलं, खणून काढायला पैसे नाहीत. काम बंद झालं आणि आतल्यांना मेलेलं समजून सोडून दिलं. पण ते मेले नव्हते. अंधारात राहिले, त्यांना मुलं झाली, मुलांना मुलं झाली. खायला काय, ते मी लिहीत नाही. हॉरर पिक्चर आहे, ओळखा. १९७२ मध्ये त्या वंशातले दोघंच उरलेत. एक पुरुष आणि त्याची गरोदर बायको, तीही मरणाला टेकलेली.

ही दुर्घटना खरी नाही, पिक्चरवाल्यांनी रचलेली आहे. पण तिच्या आजूबाजूचं बरंच खरं आहे. लंडनची पहिली भुयारी रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. खोल बोगद्यातून विजेवर धावणारी गाडी आली १८९० मध्ये. तिथं ब्रिटिश म्युझियम नावाचं एक स्टेशन खरोखर होतं. १९३३ मध्ये ते बंद झालं आणि आजही गाड्या त्याच्या शेजारून जातात. शहराखाली अशी बंद जागा असली की गोष्ट आपोआप सुचत असणार.

दिग्दर्शक गॅरी शर्मन. त्याचा हा पहिलाच सिनेमा. हॉररमध्ये भूत कधी दाखवायचं याचे काही आडाखे असतात. आधी सावली, मग हात, मग किंकाळी. इथं तसं होत नाही. कॅमेरा एका सलग लांब शॉटमध्ये त्या अंधाऱ्या जागेतून सावकाश फिरतो. पाणी ठिबकतंय. प्रेतं दिसतात, पोटात ढवळतं. आणि फिरत फिरत कॅमेरा थांबतो तो एका मरणाऱ्या बाईपाशी आणि तिच्याजवळ बसून विव्हळणाऱ्या पुरुषापाशी. घाबरायला म्हणून आपण टेकून बसलेलो असतो आणि समोर दिसतं सुतक. भीती वाटायच्या जागी आपण कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलोय असं वाटतं.

त्या पुरुषाला नाव नाही. श्रेयनामावलीतसुद्धा ह्यू आर्मस्ट्राँग या नटाच्या भूमिकेचं नाव आहे नुसतं 'द मॅन'. त्याला भाषाही नाही. तीनच शब्द येतात: "माइंड द डोअर्स." दारं सांभाळा. भिंतीपलीकडून जाणाऱ्या गाड्यांमधून आयुष्यभर तेवढंच ऐकू आलं, तेवढंच शिकला. रागावला की तेच म्हणतो, रडताना तेच. त्यानं पळवून आणलेली ती मुलगी घाबरून किंचाळते, तेव्हा तिला समजावायलाही त्याच्याकडे तेच तीन शब्द. तो ते वेगवेगळ्या सुरात म्हणून बघतो. तिला कळत नाही.

मुंबईत नोकरीला लागलो तेव्हा पहिले काही महिने लोकलमधली "पुढील स्टेशन" सोडली तर दिवसभर माझ्याशी कुणी मराठीत बोलत नव्हतं. म्हणून असेल, पण हे मला फार लागलं.

*

आपल्याकडे जमिनीखालचा हॉरर म्हटलं की सगळ्यांना 'तुंबाड' आठवतो. राही अनिल बर्वेचा, २०१८ चा. नारायण धारपांच्या कथेची प्रेरणा असलेला. मला तो आवडतोच. पण 'तुंबाड'मध्ये जो खाली उतरतो तो सोन्यासाठी उतरतो. हाव त्याची, शिक्षाही त्याची. हिशोब जुळतो. 'डेथ लाइन'मधले लोक रोजंदारीसाठी खाली उतरलेले. हाव वरच्यांची आणि शिक्षा खालच्यांना. २००४ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेवर 'क्रीप' नावाचा आणखी एक ब्रिटिश हॉरर आला. त्यात नायिका प्लॅटफॉर्मवर झोपते आणि शेवटची गाडी चुकते. तोही घाबरवतो, पण बघून झाल्यावर मला झोप लागली होती. 'डेथ लाइन'नंतर लागली नाही.

कारण आजी उठून बसली होती.

"ते पिक्चर कधीचं आहे?"

"बहात्तरचं."

"बहात्तरचं," ती म्हणाली. आमच्याकडे हा आकडा उच्चारला की म्हातारी माणसं जरा थांबतात. १९७२ चा दुष्काळ. आजी त्या वर्षी लग्न होऊन या घरात आलेली. रानात दाणा नाही, सरकारी कामावर खडी फोडायची, बाहेरून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी खायच्या. ढोरं छावणीत. हे सगळं मी शंभर वेळा ऐकलेलं. विहिरीचं ऐकलं नव्हतं.

मळ्यात आमची एकच जुनी विहीर. तिला सगळे 'बहात्तरची विहीर' म्हणतात. मला वाटायचं, दुष्काळात खोदली म्हणून नाव पडलं, संपलं. आजीनं त्या रात्री सांगितलं ते असं.

आजोबांनी तेव्हा बैलजोडी विकून विहीर धरली. काम मागत फिरणारी चार माणसं आली होती, लांबची. बोली वेगळी होती. कुठली, ते आजीला सांगता येत नाही. ती तेव्हा घुंगटातली सून, विहिरीवर फक्त भाकरी पोचवायची. मुरूम संपून खडक लागला. मग सुरुंग लावायचे, मोकळा झालेला दगड घमेल्यात भरून दोराने वर ओढायचा. एका सकाळी रात्रीच्या सुरुंगानंतर चौघं उतरले आणि एका अंगाची दरड सुटली. तिघं वर आले.

"गावातली माणसं पळत आली. दोन दिवस उपसलं. तुझे आजोबा जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी सापडला." आजीनं पदर सारखा केला. "त्याच्या संगतीच्यांनी नाल्याकाठी जाळला. आठ दिवस बसून राहिले. मग परत विहिरीत उतरले. जातील कुठं? तिकडं तरी कुठं खायला होतं."

"आणि मग?"

"मग पाणी लागलं. त्याच अंगाला. गावात सगळे म्हणायचे, विहिरीनं बळी घेतला, आता हिला आटणं नाही."

ती खरंच आटलेली नाही. आमच्याकडे शेजारपाजाऱ्यांनी विहिरीत उतरून आडवे बोअर मारले, शेततळी केली, डाळिंबं टँकरवर जगवली. आमची विहीर मेमध्येही दोन तास मोटार चालवते. त्या पाण्यावर आत्याची लग्नं झाली. त्या पाण्यावर नाशिकला माझा सिव्हिलचा डिप्लोमा झाला.

शीतळासप्तमीची कहाणी तुम्ही कदाचित ऐकली असेल. तळं बांधलं, पाणी लागेना, जलदेवतांनी घरातलं मूल मागितलं. कहाणीत आई तळ्यावर जाते आणि तिचं मूल तिला परत मिळतं. लहानपणी आजीच ती सांगायची. परत मिळालेलं मूल कसं पाण्यातून वर येतं, तिथं तिचा आवाज बदलायचा. का ते मला आता कळलं.

मी विचारलं, "नाव काय होतं त्याचं?"

"तेच तर," आजी म्हणाली. "कुणी विचारलंच नाही."

*

ही गोष्ट इथंच ठेवून झोपता आलं असतं. पण मी ज्या कामावर आहे ते काम जमिनीखालचं आहे.

मुंबईतल्या एका भुयारी कामावर मी ज्युनिअर इंजिनिअर. तीसेक मीटर खोल शाफ्ट, खाली बोगदा. शाफ्टच्या तोंडाशी एक बोर्ड असतो, त्यावर खिळे आणि नंबर. खाली जाणाऱ्यानं आपल्या नंबरचं टोकन तिथं लावायचं, वर आल्यावर काढून न्यायचं. साधी गोष्ट आहे, पण बोगद्याच्या कामात याच्याइतकी महत्त्वाची दुसरी नाही. पाणी शिरलं, धूर झाला, काही ढासळलं, तर आत किती माणसं आहेत हे बोर्ड सांगतो. बोर्ड रिकामा झाल्याशिवाय शिफ्ट संपली असं लिहायचं नाही.

एका रात्री बोर्डावर एक टोकन राहिलं. सत्तावन्न नंबर. मुकादम म्हणाला, "काढायला विसरला असेल साहेब. गेला असेल रूमवर." साडेबारा वाजत आलेले. माझी शेवटची लोकल होती. मी सत्तावन्नचं टोकन स्वतःच्या हातानं काढलं, खोक्यात टाकलं आणि सही केली.

सकाळी तो वर आला. पाइपांच्या ढिगामागे झोपला होता. सलग दोन शिफ्ट केलेल्या, कुणाला दिसला नव्हता. त्याला काही झालं नव्हतं. तो हसला, मुकादम हसला, मीही हसलो. रात्रीत काही घडलं असतं तर वरचा माझा कागद सांगत होता की आत कुणीही नाही. कागदावर कुणी नसेल, तर खणायचं कुणासाठी? पंधरवड्यानं तो गावी गेला. झारखंडचा होता एवढं आठवतं. नाव विचारायचं राहिलं.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आजीला त्या रात्री सांगितलं. ती "अरे" म्हणाली नाही, काही नाही. नुसती ऐकत राहिली.

*

पिक्चरमध्ये कोसळणारा बोगदा रचलेला आहे, आपल्याकडे तो रचावा लागत नाही. नाशिकहून मुंबईला जाताना कसारा घाट लागतो. गाडी बोगद्यात शिरली की पोरं ओरडतात, मीही ओरडायचो. तो घाट १८६५ मध्ये सुरू झाला. भोर घाटाचा मार्ग १८६३ मध्ये, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेच्याच वर्षी. हे दोन घाट फोडताना हजारो मजूर मेले. काही सुरुंगानं, काही कडे सुटून, आणि पटकीसारख्या साथीत तर किती तरी. इंजिनिअरांची नावं आपल्याला पुस्तकात सापडतात.

२०२३ च्या दिवाळीत, १२ नोव्हेंबरला, उत्तराखंडमध्ये सिलक्यारा बोगदा ढासळला. ४१ मजूर आत. झारखंड, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, बंगालकडचे. साइटवर आम्ही सगळे मोबाइलवर तेच बघत होतो. आधी बारीक पाइपातून चणे-मुरमुरे, मग मोठ्या पाइपातून खिचडी, मग त्याच पाइपातून कॅमेरा आत गेला आणि हेल्मेट घातलेले चेहरे दिसले. त्या दिवशी आमचे कामगार टाळ्या वाजवत होते, अजून कुणी बाहेर आलेलं नसताना. दिसले, एवढ्यावर. ड्रिलिंगचं मोठं मशीन शेवटच्या टप्प्यात मोडलं. उरलेले दहा-बारा मीटर हातानं खणले 'रॅट होल' खाणकामगारांनी. ज्या पद्धतीच्या कोळसा खाणींवर २०१४ मध्ये हरित लवादानं बंदी घातली, ती पद्धत. सतराव्या दिवशी ४१ च्या ४१ बाहेर आले.

याच रॅट होल पद्धतीच्या एका खाणीत, डिसेंबर २०१८ मध्ये, मेघालयात पाणी शिरून १५ मजूर अडकले होते. बहुतेकांचे देहही हाती लागले नाहीत आणि काही महिन्यांनी शोध थांबला. ही बातमी तुम्हाला आठवते का? मला आठवत नव्हती. सिलक्यारा आठवतं, कारण तिथं वरचे थांबले नाहीत, आणि कारण तिथं आपल्याला चेहरे दिसले.

हॉररचा कारखाना बहुतेक इथंच असतो. खालचा माणूस खाली गेला म्हणून राक्षस होत नाही. वरच्यांनी मोजणं सोडलं की होतो. 'डेथ लाइन'मधला तो पुरुष खुनी आहे, त्यात शंका नाही. पण त्याच्या आज्या-पणज्यांना १८९२ मध्ये कुणी दोन दिवस जास्त खणून बाहेर काढलं असतं, तर तो रसेल स्क्वेअरच्या त्याच जिन्यावरून वर येणारा एक साधा प्रवासी असता.

*

दुसऱ्या दिवशी मी कोठीतली जुनी ट्रंक उघडली. आजोबांना सगळं लिहून ठेवायची सवय होती. ७२-७३ ची वही सापडली, कडा वाळवीनं खाल्लेल्या. विहिरीच्या खर्चाची पानं होती. दारू, वात, दोर, घमेली दोन, भाकरीचं पीठ. रोज एक ओळ: मजूर ४. मजूर ४. मजूर ४. मग दोन दिवस काहीच लिहिलेलं नाही. मग आठ-नऊ ओळी कोऱ्या. आणि मग: मजूर ३.

मी ते पान आजीला दाखवलं. तिला वाचता येत नाही, आकडे कळतात. तिनं चारावर बोट ठेवलं, मग तिनावर ठेवलं आणि वही मिटवली.

"वाईट नव्हते तुझे आजोबा," ती म्हणाली.

"मी कुठं म्हटलं?"

"नाही. सांगून ठेवते."

आखाजीला आमच्याकडे घागर भरतात. गेलेल्यांच्या नावानं मातीची नवी घागर, पाण्यानं भरलेली, वर आंबा आणि सांजोरी. उन्हाळ्यात पितरांना तहान लागते म्हणून. आमच्या घरी नेहमी एक घागर जास्तीची असते. पप्पांना विचारलं तर म्हणायचे, आजीच्या माहेरची असेल कुणाची. मीही तेच धरून चाललो होतो.

आखाजीच्या आदल्या रात्री आजीनं मला उठवलं. साडेबाराला थ्री फेज आली होती आणि विहिरीवर मोटार सुरू झाली होती. तिच्या हातात कोरी घागर होती.

"बाकीच्या नळाच्या पाण्यानं भरते मी," ती म्हणाली. "ही तिथली लागते. आता पायऱ्या उतरवत नाहीत मला. दर वर्षी गडी पाठवायची. या वर्षी तू जा."

मी मोबाइलचा टॉर्च लावून विहिरीत उतरलो. खाली गार होतं. एका अंगाला दगड बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसतो, कोरल्यासारखा नाही, तुटल्यासारखा. तिथूनच पाणी झिरपतं. घागर भरायला वेळ लागला. वरून आजी मधूनमधून हाक मारत होती. काही काम नव्हतं तिचं, नुसतं माझं नाव घेत होती, आणि मी दर वेळी खालून ओ देत होतो.